एडिनबरोला गेलात तर ग्लॅडस्टोन्स लँड कसं बघायचं

मुलगा-सून नाहीतर मुलगी-जावई तिकडे असले की आपल्या इंदूरचे आईबाबा स्कॉटलंडमधल्या एडिनबरोला जाऊन येतात, किल्ला बघतात, फोटो काढतात आणि झालं. अहो, किल्ल्यावरून खाली उतरताना लॉनमार्केट या रस्त्यावर ग्लॅडस्टोन्स लँड नावाचं सहा मजली दगडी घर लागतं, ते चुकवू नका.

लगेच आत शिरायचं नाही. आधी समोरच्या फुटपाथवर पाच मिनिटं उभं राहा. घर इतकं अरुंद आणि उंच का? जुनं गाव डोंगराच्या कण्यावर, भोवती कोट, प्रत्येकाच्या वाट्याला रस्त्याकडे तोंड असलेली एक चिंचोळी पट्टी, पसरायला जागाच नाही, मग माणसं वर वर चढत गेली. तिकडच्या बोलीत ‘लँड’ म्हणजे मजल्यामजल्यावर बिऱ्हाडं असलेली इमारत. बाहेर सोनेरी पक्षी टांगलाय, ती घार. स्कॉट्स बोलीत घारीला ग्लेड म्हणतात, म्हणजे घरमालकाच्या ग्लॅडस्टोन या आडनावाची पाटीच ती!

आता खालच्या कमानी बघा. १६१७ साली थॉमस ग्लॅडस्टोन आणि त्याची बायको बेसी कनिंगहॅम यांनी हे घर घेतलं, व्यापारी माणूस, त्याने दर्शनी भाग रस्त्याकडे पुढे वाढवला आणि आधीची दर्शनी भिंत घराच्या पोटात गेली. ही खूण लक्षात ठेवा, कुठल्याही जुन्या घरात मधेच एखादी विनाकारण जाड भिंत लागली तर घर कधीतरी वाढलंय का ते विचारायचंच.

वर गेल्यावर मान वर करा. आपल्या वाड्यातल्यासारखाच कडीपाट आहे, पण तुळया आणि फळ्या दोन्हींवर फुलं-फळं रंगवलीत, काळ साधारण १६२०. रंग खडू आणि सरस घालून केलेला, पाणी लागलं की जातो, म्हणून हात लावायचा मोह आवराच. मी तर तुळईच्या बाजूवरची फुलं बघत मान अवघडेपर्यंत उभी होते. पुढे हे सगळं झाकलं गेलं होतं, १९३४ मध्ये घर पाडायला निघालेले तेव्हा नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने घेऊन वाचवलं आणि दुरुस्ती करताना छत परत उजेडात आलं.

खिडक्याही सोडू नका, वरच्या अर्ध्यात शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली काच आणि खाली लाकडी झडपा, कारण काच महाग.

घरी परतलात की एका संध्याकाळी इंदूरच्या राजवाड्यासमोर असंच उभं राहा. सात मजले मोजा, खालचे तीन दगडाचे, वरचे लाकडाचे, आणि १९८४ च्या आगीनंतरचं नवं काम कुठून सुरू होतं ते मागच्या बाजूने जाऊन शोधा.