गाडी खाली बसवली? मग अलाइनमेंट करताना या चुका टाळा

लोअरिंग स्प्रिंग टाकून गाडी ३०-४० मिमी खाली आणायची, अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या, दुकानात न्यायची, पडद्यावरचे आकडे हिरवे झाले की पैसे देऊन निघायचं, असा आपल्याकडचा नेहमीचा क्रम. "हिरवं आलं न भाऊ, झालं मंग," म्हणत कारागीरही गाडी मोकळी करतो. पुढच्या काही महिन्यांत टायर आतल्या कडेने गुळगुळीत होतात, आणि बाहेरून नक्षी मात्र नव्यासारखी दिसत राहते. खाली बसलेल्या गाडीचा टायर चाकाच्या कमानीत अर्धा झाकलेला असतो, त्यामुळे ही झीज तार दिसेपर्यंत कळत नाही.

नागपुरात हे जरा जास्तच जपायला हवं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, शहरभर सिमेंटचे रस्ते आहेत, आणि शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढलं की समोर ७०१ किमी काँक्रीट आणि १२० ची वेगमर्यादा. आतून झिजलेला टायर त्या रस्त्यावर भर उन्हात सलग तास-दोन तास पळवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

अलाइनमेंट हे या सगळ्या कामातलं शेवटचं काम आहे. आधी गाडीची उंची पक्की करायची, मग बुश (सांध्यांतली रबरी नळकांडी) मोकळे करून पुन्हा आवळायचे, मग मागची चाकं तपासायची, मग पुढचा कँबर (समोरून दिसणारा चाकाचा आत-बाहेर झुकाव), आणि सगळ्यात शेवटी टो (वरून पाहता चाक पुढून आत की बाहेर वळलंय तो कोन). हा क्रम मोडला की मशीन कितीही महागाचं असो, गाडी टायर खातेच.

सगळा दोष कँबरला देणं

गाडी खाली आली की लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो आणि बहुतेक गाड्यांत चाकाचा वरचा भाग आत झुकतो. हा निगेटिव्ह कँबर डोळ्यांना दिसतो, म्हणून टायर आतून गेला की खापर त्याच्यावर फुटतं. टो मात्र डोळ्यांना दिसत नाही. टाय रॉड (स्टेअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) आणि लोअर आर्म वेगवेगळ्या कमानीत फिरतात, त्यामुळे उंची बदलताच टो बदलतो. काही गाड्यांत चाकं पुढून आत वळतात, काहींत बाहेर.

आता हिशोब पाहा. एक चाक अर्धा अंश तिरकं असेल तर प्रत्येक किलोमीटरमागे ते साधारण पावणेनऊ मीटर आडवं घासतं. नागपूरहून वर्ध्याला जाईपर्यंत, म्हणजे ७५ किमीत, टायर साडेसहाशे मीटर आडवा घासटला जातो. नुसत्या कँबरमध्ये असं सतत घासणं नसतं, तिथे वजन आतल्या कडेवर जास्त पडतं एवढंच. उणे दीड अंश कँबर आणि जवळपास शून्य टो असलेली गाडी टायर व्यवस्थित टिकवते. तोच कँबर आणि त्यात बाहेरचा टो, म्हणजे आतली कड गेलीच म्हणून समजा.

म्हणून नवीन स्प्रिंग टाकल्यावर त्याच दिवशी निदान टो तरी सरळ करून घ्या. पूर्ण अलाइनमेंट नंतर होईल, पण बिघडलेल्या टोवर गाडी आठवडाभर फिरवू नका.

बुश हवेत आवळणं

ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण ती कुठल्याच कागदावर दिसत नाही. स्प्रिंग बदलताना गाडी लिफ्टवर असते, चाकं खाली लोंबत असतात आणि कारागीर त्याच अवस्थेत लोअर आर्मचे बोल्ट गच्च करतो. बहुतेक गाड्यांच्या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. ते फिरत नाही, पिळलं जातं. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला की रबरासाठी तीच सरळ स्थिती ठरते. मग गाडी जमिनीवर आली की बुश कायमचं पिळलेलं राहतं. त्या पिळाने गाडी थोडी वर धरून ठेवली जाते, उंची खोटी दिसते, दोन्ही बाजूंत फरक पडतो, आणि काही महिन्यांत रबर फाटून खड्ड्यात खट-खट आवाज येऊ लागतो. रबर सैल पडलं की त्या दिवशी लावलेला टो आणि कँबरही उरत नाही.

योग्य पद्धत अशी: स्प्रिंग बसवा, आर्मचे बोल्ट नुसते हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून-मागून दाबून हलवा, आणि वजन चाकांवर असतानाच पिटमध्ये किंवा चारखांबी लिफ्टवर बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा. दुकानात हे सांगितलं की वेळ लागतो म्हणून टाळाटाळ होते. तरी आग्रह धरा. मागच्या बीमच्या (मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या) बुशलाही हाच नियम.

स्प्रिंग बसण्याआधीच शेवटची अलाइनमेंट

नव्या स्प्रिंग आणि त्यांच्या खालची-वरची रबरं थोडी बसतात. ३०० ते ५०० किमी चालवल्यावर उंची पुन्हा मोजा. मोजताना चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा आणि फरशीचा उतार हिशोबात घुसतो. उंचीत डावं-उजवं फरक असेल तर तो आधी सोडवा, मग मशीनवर जा. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकचे संच) असतील तर रिंग फिरवून उंची बदलली की पुन्हा अलाइनमेंट, यात सवलत नाही.

कापलेल्या स्प्रिंगबद्दल स्पष्टच सांगतो, तो उपाय नव्हे. गॅसने तापवून बसवलेली तर त्याहून वाईट, कारण तापल्यावर पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग पुढे बसतच राहते. दोन बाजू सारख्या कापल्या जात नाहीत, चाक लोंबलं की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. अशा गाडीची अलाइनमेंट आज लावली तरी महिन्याने तीच असेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

हिरव्या रंगावर विश्वास

मशीनमध्ये भरलेले आकडे कंपनीच्या मूळ उंचीसाठी असतात. तुमची गाडी आता त्या उंचीवर नाही. कँबर लाल दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही आणि टो हिरव्या पट्ट्याच्या कडेला आला म्हणून समाधानही मानायचं नाही. मी तीन गोष्टी पाहतो: दोन्ही पुढच्या टायरचा टो वेगवेगळा किती आहे, डाव्या-उजव्या कँबरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक आहे का, आणि कॅस्टरमध्ये (चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या मागे-पुढे झुकावात) तसाच फरक आहे का. एकूण टो शून्य आणि एक चाक आत, दुसरं बाहेर, असंही असू शकतं. तेव्हा गाडी सरळ जाते, पण स्टेअरिंग वाकडं राहतं.

एककांकडेही लक्ष द्या. १.३० म्हणजे एक अंश तीस मिनिटं की एक पूर्णांक तीन अंश? काही मशीन पहिल्या पद्धतीने दाखवतात, काही दुसऱ्या. टो कुठे मिमीमध्ये येतो, कुठे अंशात. छापील कागद मागा, आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे असलेला.

मशीनवर चढवण्यापूर्वी टायरमध्ये हवा बरोबर हवी, डिकीत सामान नको, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड ढिले नकोत. ढिल्या सांध्यावर केलेली अलाइनमेंट दुकानाबाहेरच्या पहिल्या स्पीडब्रेकरपर्यंत टिकते. मशीनचे क्लॅम्प रिमवर नीट बसलेत का आणि पुढच्या चाकांखालच्या फिरत्या टर्न प्लेटच्या पिना काढल्यात का, हेही डोळ्यांनी बघून घ्या.

मागची चाकं सोडून देणं

"मागे काही होत नाही" हे अर्धसत्य आहे. स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी, होंडा सिटी यांसारख्या गाड्यांत मागे टॉर्शन बीम असते. गाडी खाली आली तरी तिथला कँबर आणि टो फारसा बदलत नाही, आणि सेटिंगसाठी बोल्टही नसतो. पण मोजायला तर हवंच. आकडे बरेच हललेले दिसले तर दोष लोअरिंगचा नसून बीम किंवा हब (चाक जिथे बसतं तो भाग) कुठे तरी ठोकलं गेलेलं असण्याची शक्यता जास्त. तिथे हब आणि बीममध्ये पातळ शिम (पत्र्याची चकती) टाकून कोन सुधारता येतो.

जुन्या सिविकसारख्या मागे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाड्यांत मात्र मागचा कँबर आणि टो दोन्ही सरकतात. अशा गाडीत मागचं काम आधी, पुढचं नंतर, कारण मागची चाकं ज्या दिशेला ढकलतात तीच गाडीची खरी मध्यरेषा.

कँबर बोल्टची घाई

मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला उभा खांब) असलेल्या बऱ्याच गाड्यांत कंपनीकडून फक्त टो बदलता येतो. कँबर बदलायचा तर स्ट्रट आणि नकल (चाकाचं हब धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टपैकी एकाच्या जागी एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवला की कोन बदलणारा) टाकतात. तो मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो आणि त्याचा टॉर्क वेगळा असतो. अंदाजाने आवळलेला बोल्ट एका मोठ्या खड्ड्यात सरकतो. आवळल्यावर पेंटची रेघ मारून ठेवा, म्हणजे सरकला की कळेल. सगळ्या गाड्यांत स्ट्रटची जोडणी दोन बोल्टची नसते, म्हणून सामान मागवण्याआधी आपल्या गाडीची पाहून घ्या. कँबर हलवला की टो हलतोच, त्यामुळे टो पुन्हा शेवटी.

लक्षणावरून दोष ओळखताना

गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी सपाट रस्ता शोधा. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला आडवा उतार असतो, त्यामुळे डावीकडे किंचित सरकणं दोष नव्हे. सपाटावरही ओढत असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा, अर्थात टायर एकाच दिशेने फिरवायचे नसतील तर. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा. नाही बदलली तर ब्रेक कुठे धरतोय का बघा, मग कँबर-कॅस्टरमधला फरक. गाडी ज्या बाजूला कँबर जास्त पॉझिटिव्ह किंवा कॅस्टर कमी, त्या बाजूला जाते.

टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो. ९०-१०० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल तर ते बहुधा बॅलन्सिंगचं काम आहे, अलाइनमेंटवर पैसे घालू नका. टो बरोबर असूनही खड्ड्यात चाक गेलं की गाडी आपोआप दिशा बदलत असेल, तर टाय रॉडचा कोन फार तिरका झाला आहे, आणि त्यावर खरा उपाय गाडी थोडी वर घेणं हाच.

सिमेंट रस्त्याच्या कडेच्या पेव्हर ब्लॉकवरून जोरात उतरल्यावर किंवा खड्डा जोरात बसल्यावर पुन्हा तपासणी करा. महिन्यातून एकदा स्टेअरिंग पूर्ण वळवून टायरची आतली कड टॉर्चने बघा. खोबणीतल्या खुणेपर्यंत, म्हणजे १.६ मिमीपर्यंत नक्षी आली असेल तर बाहेरची कड कितीही चांगली असो, तो टायर समृद्धीवर नेऊ नका.

आणखी दोन गोष्टी. गाडी पुढून-मागून सारखी खाली आली नसेल तर हेडलाइटचा झोत बदलतो, तोही लावून घ्या. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीतल्या बदलांवर निर्बंध आहेत, त्यामुळे वॉरंटी आणि विम्याचा दावा अडकू शकतो. स्प्रिंग घेण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.