एलेरॉन, एलेव्हेटर आणि रडरच्या बिजागऱ्या कशा बसवाव्यात

स्वतःच्या शेडमध्ये धातूचे विमान बांधणारा माणूस एलेरॉन (पंखामागची फळी), एलेव्हेटर (शेपटीवरची आडवी फळी) आणि रडर (उभी फळी) या विमान वळवणाऱ्या हलत्या पृष्ठांच्या बिजागऱ्यांकडे सहसा उशिरा वळतो, आणि तोपर्यंत स्पारचे, म्हणजे आतल्या मुख्य तुळईचे, रिव्हेट मारून झालेले असतात. वास्तविक बिजागरीची रेषा स्पारला पहिले छिद्र पाडण्यापूर्वीच कागदावर नक्की व्हायला हवी. ब्रॅकेट कुठे बसेल, स्पारला आतून मजबुतीची पट्टी कुठे लागेल आणि पृष्ठ हवेत थरथरू नये म्हणून लावायचे समतोलाचे वजन रेषेच्या किती पुढे नेता येईल, हे सारे तिच्यावरच ठरते.

पेटीच्या झाकणाला असते तशी लांब पट्टीची पियानो बिजागरी स्वस्त पडते, भार पूर्ण लांबीवर वाटून घेते आणि तिचा एखादा डोळा तुटला तरी पृष्ठ निसटत नाही. ती वापरायचीच असेल, तर पत्रा वळवून केलेली न घेता एक्स्ट्रुड केलेली (साच्यातून दाबून काढलेली) घ्यावी आणि पिन बाहेर सरकणार नाही अशी दोन्ही टोकांना अडवावी. तिचा दोष असा की, स्टीलची पिन अ‍ॅल्युमिनियमचे डोळे झिजवत राहते आणि डोळे झिजल्यावर नुसती पिन बदलून भागत नाही. म्हणून फ्लॅपला (उतरताना खाली वळवायच्या पंखामागच्या फळीला) ती ठीक आहे. विमानांचे किट बनवणाऱ्या व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही मालिकेतील अनेक विमानांचे फ्लॅप अशाच पट्टीवर फिरतात, पण एलेव्हेटर आणि रडर मात्र आत गोल बॉल आणि मागे आट्यांचा दांडा असलेल्या रॉड-एंड बेअरिंगवर असतात. मीही तीच विभागणी सुचवेन.

जमिनीवर सरळ असलेली रेषा हवेत सरळ राहत नाही. दोन बिजागऱ्यांमधून सरळ रेषा नेहमीच जाते. तिसरी आली की पंख वाकताच पृष्ठ जड फिरू लागते किंवा अडकते. बॉल असलेले बेअरिंग थोडा तिरकेपणा सहन करते, हा त्याचा मोठा गुण. रेषेच्या दिशेने येणारा भार मात्र एकाच बिजागरीकडे सोपवावा: तिच्या ब्रॅकेटला बाजूने आधार द्यावा आणि बाकीची ब्रॅकेट साध्या उभ्या पत्र्याची ठेवावीत, म्हणजे ती बाजूला किंचित लवतील.

हा भार वाटतो तितका किरकोळ नसतो. अमेरिकेच्या एफएआर 23 या नियमावलीच्या 2017 पूर्वीच्या आवृत्तीत, अधिक नेमका हिशेब हाती नसेल तर उभ्या पृष्ठासाठी त्याच्या वजनाच्या 24 पट आणि आडव्यासाठी 12 पट भार धरावा, असे सांगितले होते. म्हणजे 3 किलोच्या रडरचा भार 72 किलो होतो आणि तो एकट्या बिजागरीला पेलायचा असतो. त्याच नियमावलीत साध्या (बॉल किंवा रोलर बेअरिंग नसलेल्या) बिजागरीच्या सर्वांत मऊ धातूवर येणाऱ्या दाबासाठी 6.67 ही सुरक्षा-गुणांकाची किमान मर्यादा होती. घरगुती विमानाला हे नियम कायद्याने लागू नसले, तरी आकडे वापरायला हरकत नाही.

रेषा जुळवताना प्रत्येक ब्रॅकेट वेगळे मोजून छिद्रे पाडू नयेत. सर्व ब्रॅकेटमधून एकच सरळ स्टीलची सळई ओवावी, ती हाताने सहज फिरते याची खात्री करावी आणि सळई आत असतानाच ब्रॅकेटची स्पारवरील छिद्रे पाडावीत. रॉड-एंड नंतर आत-बाहेर करता येतो, पण बॉलचे छिद्र रेषेत राहायला हवे, म्हणून तो अर्ध्या फेऱ्याच्या पटीतच फिरवता येतो; पाव इंची, इंचाला 28 आट्यांच्या दांड्यात अर्धा फेरा म्हणजे सुमारे 0.45 मिलिमीटर. शेवटी लॉक नट घट्ट करायला विसरू नये.

बोल्टने बॉल ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये घट्ट दाबला पाहिजे, म्हणजे फिरणे बेअरिंगच्या आत होते. बॉल सैल राहिला तर बोल्टच फिरतो आणि ब्रॅकेटचे छिद्र अंडाकृती होते. फट भरण्याचे वॉशर बारीक व्यासाचे असावेत, ते बाहेरच्या कड्याला टेकता कामा नयेत; हे वॉशर अरुंद जागेत हमखास खाली पडतात, तेव्हा काडीच्या टोकाला डिंकाने चिकटवून आत सरकवावेत. बेअरिंग एकाच कानावर असेल, तर मोकळ्या बाजूला कड्याच्या छिद्रापेक्षा मोठा वॉशर लावावा, म्हणजे बॉल निसटला तरी पृष्ठ सुटत नाही. जिथे बोल्ट स्वतः फिरणारच आहे, तिथे नायलॉनच्या नटावर विसंबू नये; खाचांचा नट आणि स्प्लिट पिन वापरावी.

उत्तम बिजागरी समतोलाच्या वजनाची जागा घेऊ शकत नाही. झोडियाक सीएच 601 एक्सएल या विमानाच्या मूळ रचनेत एलेरॉन वेगळ्या बिजागरीऐवजी लवचीक पत्र्यावर वाकत असे. हवेत मोडून पडण्याच्या अपघातांनंतर एप्रिल 2009 मध्ये एनटीएसबी या अमेरिकेच्या अपघात-चौकशी संस्थेने ही विमाने जमिनीवर ठेवण्याची शिफारस केली, आणि त्याच वर्षी सुचवलेल्या दुरुस्त्यांत पंखाच्या मजबुतीबरोबर एलेरॉनला समतोलाची वजनेही आली.

सर्व बसल्यावर पंख उलटा आधारावर ठेवून त्यावर वाळूच्या पिशव्या रचाव्यात, आणि तो वाकलेला असताना एलेरॉन दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावा. तो कुठे अडखळला, तर आधी बाजूला लवणारी ब्रॅकेट तपासावीत. छिद्र मोठे करून मोकळेपणा मिळवू नये, कारण तो ढिलेपणा पुढे फ्लटरला, म्हणजे हवेत आपोआप वाढत जाणाऱ्या थरथरीला, आमंत्रण देतो.