असेंबल केलेल्या कॉम्प्युटरचे यूएसबी पोर्ट बंद पडले? मदरबोर्ड बदलण्याआधी हे तपासा

दिवाळीच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. "मामा, पुढचे दोन्ही यूएसबी बंद पडलेत. दुकानदार म्हणतोय, मदरबोर्ड गेला, नवा टाकावा लागेल." मी विचारलं, मागचे चालतात का? म्हणाली, "हो, कीबोर्ड-माऊस मागेच आहेत." मग बोर्ड गेला म्हणायची एवढी घाई कशाला? संध्याकाळी जाऊन कॅबिनेट उघडलं. दोनच दिवसांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत तिने आतली धूळ काढली होती, त्यासाठी पुढच्या पोर्टांची जाड वायर उपसून पुन्हा लावली होती. ती तिरकी बसली होती आणि कोपऱ्यातल्या दोन पिना आडव्या झाल्या होत्या. पिना सरळ केल्या, वायर नीट दाबली, दोन्ही पोर्ट चालू. नवा बोर्ड घेतला असता तर हजारो रुपये गेले असते, शिवाय विंडोजपासून सगळं पुन्हा बसवायचं काम वेगळंच.

ब्रँडेड कॉम्प्युटर एका कंपनीने जोडून, तपासून दिलेला असतो. आपला असेंबल केलेला पीसी म्हणजे एकाचं कॅबिनेट, दुसऱ्याचा बोर्ड, तिसऱ्याचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. त्यामुळे समोर दिसतं ते यूएसबीचं भोक ही एका लांब साखळीची फक्त शेवटची कडी असते. मागे कॅबिनेटची वायर, बोर्डावरच्या पिना, चिपसेट (पोर्ट सांभाळणारी बोर्डावरची चिप), बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारा बोर्डाचा मूळ प्रोग्राम) आणि ड्रायव्हर (विंडोजला पोर्ट ओळखायला लावणारा प्रोग्राम). बिघाड यांतल्या कुठल्याही कडीत असू शकतो. तो शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदल झाला की पुन्हा तपासायचं. चार गोष्टी एकदम केल्या तर पोर्ट सुरू होईलही, पण कशाने झाला ते कळणार नाही आणि महिन्याभराने तोच बिघाड पुन्हा दारात उभा राहील.

आधी वस्तू आणि केबल

जी वस्तू चालत नाही ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहा. केबल बदलून पाहा. रस्त्यावर घेतलेल्या बऱ्याच केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. त्या केबलने फोन चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला दिसत नाही, आणि खापर पोर्टावर फुटतं. तपासायला जुना माऊस किंवा रिकामा पेनड्राइव्ह वापरा. लग्नाचे फोटो असलेली हार्ड डिस्क संशयित पोर्टात कधीही घालू नका.

मग टॉर्च घेऊन पोर्टाच्या आत बघा. आत प्लास्टिकची जीभ दिसेल आणि तिच्यावर चार सोनेरी पट्ट्या. यूएसबी 3.0 चा पोर्ट असेल, म्हणजे बहुधा निळ्या जिभेचा, तर आत खोलवर आणखी पाच संपर्क असतात. जीभ तुटली आहे का, एखादी पट्टी वाकून शेजारणीला चिकटली आहे का, कापसाचा बोळा अडकला आहे का, ते पाहा. कोकणात किंवा समुद्राजवळ कुठेही राहत असाल तर पट्ट्यांवर हिरवट थरही सापडेल. सफाई कॉम्प्युटर बंद करून आणि प्लग काढूनच करायची: मऊ ब्रश, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. सुई, टाचणी, स्क्रू ड्रायव्हर आत घालायचा नाही.

कागदावर नकाशा काढा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि माझ्या मते अर्धं निदान इथेच होतं. कॅबिनेटची पुढची आणि मागची बाजू कागदावर काढा. एकच माऊस आणि एकच पेनड्राइव्ह प्रत्येक पोर्टात लावून पाहा आणि चालला की बरोबर, नाही तर फुली अशी खूण करा.

एकच पोर्ट मेलेला असेल तर तो बहुधा आतून तुटला आहे. पुढचे सगळे बंद आणि मागचे सगळे चालू असतील तर संशय कॅबिनेटच्या वायरीवर. मागच्या दोन-चार पोर्टांचा एक गटच्या गट बंद असेल तर ते सगळे बोर्डावरच्या एकाच चिपवर असण्याची शक्यता मोठी. पुढचे-मागचे सगळेच बंद असतील तर वायर सोडा. बायोस, ड्रायव्हर किंवा वीजपुरवठ्याकडे वळा.

माऊस चालतो पण बाहेरची हार्ड डिस्क टकटक आवाज करून बंद पडते, हा प्रकार वेगळा. यूएसबी 2.0 चा पोर्ट 5 व्होल्टला 500 मिलिअँपिअर देतो, 3.0 चा 900. माऊसला त्यातला किरकोळ भाग पुरतो, हार्ड डिस्कला 2.0 चा पुरवठा अनेकदा पुरत नाही. डिस्क मागच्या 3.0 पोर्टात थेट लावून पाहा, मधली एक्स्टेंशन केबल काढून टाका. पेनड्राइव्ह चालतो पण 3.0 चा असूनही फारच हळू, असं असेल तर बहुधा ते आतले पाच संपर्क जुळत नाहीत आणि काम जुन्या चार पट्ट्यांवर चाललं आहे.

वायरलेस माऊस अडखळतो म्हणूनही पोर्ट बदनाम होतो. यूएसबी 3.0 वरच्या डेटाच्या वाहतुकीतून 2.4 गिगाहर्ट्‌झच्या आसपास रेडिओ गोंगाट निघतो, आणि माऊसचं डोंगल, म्हणजे पोर्टात लावायचा त्याचा छोटा रिसीव्हर, त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलत असतं. इंटेलने 2012 मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. डोंगल काळ्या 2.0 पोर्टात लावा किंवा छोट्या एक्स्टेंशनने टेबलावर आणा. तेवढ्याने भागतं.

वीज पूर्ण काढा

विंडोजमधून शट डाउन केलं तरी कॉम्प्युटर पूर्ण बंद होतोच असं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ड्रायव्हरची आधीची अवस्था जपून ठेवली जाते, आणि एसएमपीएसमधून बोर्डाला 5 व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा सुरूच राहतो. म्हणून शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, मग भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढा. पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या.

या थांबण्याला कारण आहे. पुष्कळ बोर्डांवर पोर्टांच्या वाटेवर आपोआप सावरणारा फ्यूज असतो. एखाद्या वस्तूने जादा करंट ओढला की तो तापतो आणि वाट जवळपास बंद करतो. वीज गेली, थंड झाला, की पुन्हा पूर्ववत. स्क्रीनवर ‘पॉवर सर्ज ऑन द यूएसबी पोर्ट’ असा इशारा आला असेल तर हा उपाय पहिला. मात्र तीच वस्तू लावल्यावर तोच इशारा पुन्हा आला तर वस्तूच शॉर्ट आहे, ती कुठेच लावू नका.

दोष विंडोजचा की वायरचा?

हे ठरवायचा सोपा मार्ग म्हणजे विंडोज बाजूला ठेवणं. कीबोर्ड संशयित पोर्टात लावून कॉम्प्युटर सुरू करा आणि डिलीट किंवा एफ2 दाबत बायोसमध्ये शिरा. तिथे कीबोर्ड चालला तर निदान जुन्या चार पट्ट्यांची तार आणि पिना धडधाकट आहेत. अजून खात्री हवी असेल तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उबंटूचा (विंडोजऐवजी चालणारी एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) बूट होणारा पेनड्राइव्ह तयार करून घ्या, चालणाऱ्या पोर्टातून सुरू करा, इन्स्टॉल न करता नुसता चालवा. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत दिली की जोडलेल्या वस्तूंची यादी येते. तिथे वस्तू दिसली आणि विंडोजमध्ये दिसत नसेल तर कॅबिनेट उघडायची गरज नाही.

बायोसमध्ये असताना ‘यूएसबी कॉन्फिगरेशन’ पाहा. काही बोर्डांवर एकेक पोर्ट बंद करायची सोय असते. काय बदललं गेलंय ते कळत नसेल तर ‘लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स’ निवडा. आधीच्या सेटिंगचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स’ हा भाग पाहा. पिवळं चिन्ह असेल त्या नोंदीवर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा आणि रीस्टार्ट करा, विंडोज ती पुन्हा बसवेल. सगळ्या नोंदी एका दमात काढू नका, कारण कीबोर्ड-माऊसही यूएसबीवरच असतात आणि मध्येच दोन्ही गप्प होतात. तसं झालंच तर कॅबिनेटचं पॉवर बटण एकदा हलकेच दाबा, कॉम्प्युटर रीतसर बंद होईल. पोर्ट काही वेळ चालून मग झोपत असतील तर पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. चिपसेटचा ड्रायव्हर बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या.

अधूनमधून सगळंच क्षणभर तुटतं आणि परत जोडलं जातं, असं होत असेल तर बायोसची आवृत्ती बघा. 2021 च्या फेब्रुवारीत प्रोसेसर आणि चिपसेट बनवणाऱ्या एएमडीने स्वतः मान्य केलं होतं की 500 मालिकेच्या चिपसेटवर यूएसबी असं तुटतं, आणि ‘अजेसा 1.2.0.2’ मधून (अजेसा म्हणजे बायोसमधला एएमडीचा मूळ भाग) दुरुस्ती बोर्ड कंपन्यांकडे पोचवली. त्या काळातला बोर्ड असेल आणि बायोस कधीच अपडेट केला नसेल तर हार्डवेअरला हात लावण्याआधी तो करा, आणि अपडेट चालू असताना वीज जाणार नाही याची खात्री करून मगच.

कॅबिनेट उघडल्यावर

प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा, मग बाजूचा पत्रा काढा. पुढच्या पोर्टांच्या वायरी कुठे जातात ते बोटाने माग काढत पाहा. 2.0 ची वायर नऊ पिनांच्या छोट्या हेडरवर, म्हणजे बोर्डावर उभ्या पिनांच्या जोडजागेवर येते: पाचाच्या दोन ओळी, कोपऱ्यातली एक पिन मुद्दाम नसलेली. पुढच्या ऑडिओचा हेडर दिसायला अगदी असाच, पण त्यात नसलेली पिन कोपऱ्यात नसून एक घर आत असते. घाईत जोर करून चुकीच्या जागी लावणारे खूप. हेडरशेजारी बोर्डावर छापलेलं नाव वाचा.

3.0 चा हेडर एकोणीस पिनांचा, आणि सगळ्यांत नाजूक. पिना बारीक, कनेक्टर घट्ट, वायर जाड आणि ताठ. काढताना हलवलं की पिना वाकतात, जोरात ओढलं तर हेडरचं प्लास्टिकच वर येतं. वाकलेली पिन सरळ करायला लीड काढलेली मेकॅनिकल पेन्सिल घ्या. तिचं पोकळ टोक पिनेवर टोपीसारखं बसवायचं आणि श्वास रोखून, केसाएवढं केसाएवढं सरळ करायचं. भाचीच्या पिना मी अशाच उभ्या केल्या. पक्कड लावली की पिन तुटते, आणि तुटलेली पिन घरी जोडता येत नाही.

मागच्या एकाच पोर्टाचं दुखणं असेल तर आय-ओ शील्ड पाहा, म्हणजे मागच्या पोर्टांभोवतीचा तो पातळ पत्रा. त्याला आत वळलेल्या छोट्या जिभा असतात. बोर्ड बसवताना एखादी जीभ पोर्टाच्या बाहेर राहण्याऐवजी थेट भोकात शिरते. मग काहीच आत जात नाही, किंवा पोर्ट शॉर्ट होतो. बोर्ड सैल करून, जीभ वाकवून पुन्हा बसवणं एवढंच काम आहे.

अर्थिंग विसरू नका

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर आपल्या 230 व्होल्टच्या साधारण निम्मा दाब कॅबिनेटवर तरंगत राहतो. करंट थोडा असतो, पण त्याच अवस्थेत प्रिंटर किंवा टीव्हीला जोडलेली वस्तू लावली की तो दाब पोर्टातून वाट काढतो. दोन पिनांच्या अडॅप्टरवर कॉम्प्युटर चालवत असाल तर तो आजच काढा, आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या. हे न करता नवा बोर्ड टाकला तर त्याचेही पोर्ट धोक्यात.

खरंच गेला असेल तर

एवढं करूनही पोर्ट मेलेला असेल आणि बोर्ड वॉरंटीत असेल, तर बिल आणि बोर्डावरचा सीरियल नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. तुमचा तो फुल्या मारलेला कागदही सोबत न्या, तिथल्या माणसाचं काम सोपं होतं. वॉरंटी संपली असेल तर पीसीआय एक्स्प्रेसच्या (बोर्डावर जादा कार्ड लावायच्या) रिकाम्या छोट्या स्लॉटमध्ये यूएसबी कार्ड बसवा. बोर्डापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. मात्र कार्डाला वेगळा पॉवर कनेक्टर असेल तर एसएमपीएसची वायर त्यालाही जोडा. आणि मेलेल्या पोर्टावर लगेच चिकटपट्टी लावा. तो शॉर्ट असेल तर घरातलं कुणीतरी नकळत त्यात पेनड्राइव्ह घालेल.