हिमगौरी आणि सात बुटके जमवताय? मग या चुका टाळा

डिस्नीचा ‘स्नो व्हाइट’, म्हणजे आपली हिमगौरी आणि सात बुटके, २१ डिसेंबर १९३७ ला लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्या एका सिनेमाच्या नावावर चिनीमातीचे बुटके, रबराचे बुटके, रेझिनचे बुटके, प्रिंट, सेल्स (सिनेमासाठी रंगवलेल्या पारदर्शक शीट्स) असं इतकं काही निघालंय की नवीन माणूस ऑनलाइन शोधायला बसला की चक्रावूनच जातो. सातांपैकी डोपी या बुटक्याचे दोन फोटो शेजारी शेजारी, एक काहीशे रुपयांना आणि दुसरा काही हजारांना, आणि दिसायला दोन्ही तितकेच गोड.

माझं मत विचाराल तर या छंदात पैसे बुडतात ते डुप्लिकेट मालापायी कमी आणि खरा माल भलत्याच नावाने घेतल्यामुळे जास्त. वस्तू लायसन्सवालीच असते, कंपनीचीच असते, फक्त ती १९३८ ची नसते, नव्वदच्या दशकातली असते. किंवा चित्र खरंच छान असतं पण ते सिनेमा बनवताना कॅमेऱ्याखाली कधी गेलेलंच नसतं. विकणारा दर वेळी खोटं बोलत असतो असंही नाही, बऱ्याचदा त्यालाच माहीत नसतं.

‘ओरिजिनल सेल’ या दोन शब्दांवर पैसे टाकणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सेल म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची शीट, तिच्या पुढच्या बाजूला शाईने रेषा काढायच्या, उलटवून मागच्या बाजूने रंग भरायचा, मग ती बॅकग्राउंडवर ठेवून एक फोटो घ्यायचा, आणि असं हजारो वेळा. सिनेमा झाला की त्या काळी यातली बरीच सेल्स धुऊन परत वापरायचे किंवा सरळ टाकून द्यायचे. जी वाचली ती प्रॉडक्शन सेल्स, आणि खरी किंमत आहे ती त्यांना.

पण बाजारात ‘सेल’ म्हणून अजून दोन प्रकार फिरतात. एक लिमिटेड एडिशन सेल, जे हाताने रंगवलेलं असतं पण विकण्यासाठीच बनवलेलं असतं आणि त्यावर नंबर असतो. दुसरं सेरिसेल, ते तर सिल्कस्क्रीनने छापलेलं असतं, त्याच्या हजारो कॉपी निघालेल्या असतात. दोन्ही अधिकृत आहेत, भिंतीवर सुंदर दिसतात, हौस म्हणून जरूर घ्या, पण प्रॉडक्शन सेलच्या भावात घेऊ नका, इतकंच.

ओळखायचं कसं? फ्रेम हातात आली तर उजेडात तिरकी धरून बघा. हाताने काढलेली रेष एका जाडीची नसते, हनुवटीपाशी बारीक, केसांपाशी जरा भरलेली, आणि स्नो व्हाइटच्या काळात रेषा नुसत्या काळ्या नसायच्या, कपड्याच्या, त्वचेच्या रंगाला जुळणाऱ्या रंगीत शाईच्या असायच्या. मागून बघायला मिळालं तर रंगाचे वेगवेगळे थर कळतात, जिथे दोन रंग भेटतात तिथे किंचित उंचवटा असतो. छापलेल्या सेलवर सगळं सपाट, एकसारखं. आणि हिमगौरीचे गाल बघा! स्टुडिओच्या इंक अँड पेंट विभागातल्या बायकांनी तिच्या गालांवर लाली वेगळी, हाताने दिलेली आहे, तिची कड कुठे संपते ते सांगताच येत नाही, त्वचेत विरून जाते. नुसतं ते बघायला मिळावं म्हणून मी प्रदर्शनात पुन्हा पुन्हा त्याच फ्रेमपाशी जाऊन उभा राहीन.

अजून एक साधी खूण. रेषा झेरॉक्स करून सेलवर घ्यायची पद्धत डिस्नीने पूर्ण सिनेमासाठी पहिल्यांदा वापरली ती १९६१ च्या कुत्र्यांच्या पिल्लांच्या सिनेमात, १०१ डाल्मेशियन्स. त्यामुळे १९३७ चं सेल म्हणून कोणी फोटोकॉपीसारख्या खरबरीत काळ्या रेषांचं चित्र दाखवलं तर तिथेच थांबा.

कापलेलं सेल म्हणजे खराब सेल, असं समजणं

आता याच्या उलटी चूक. स्नो व्हाइटची जी सेल्स आज लिलावात दिसतात त्यातली पुष्कळशी सॅन फ्रान्सिस्कोच्या कुर्वोझिए गॅलरीमार्फत विकली गेली होती. १९३८ पासून १९४६ पर्यंत या गॅलरीने डिस्नीची चित्रं कलावस्तू म्हणून विकली. त्यांची पद्धत अशी की सेल बऱ्याचदा पात्राच्या कडेकडेने कापायचं, वेगळ्या बॅकग्राउंडवर चिकटवायचं आणि माउंट करून द्यायचं. बॅकग्राउंड कधी पातळ लाकडी व्हिनिअरचं, कधी ठिपक्यांच्या किंवा चांदण्यांच्या कागदाचं, कधी एअरब्रशने हलकं रंगवलेलं. म्हणजे कापलेलं आणि चिकटवलेलं असणं हा इथे दोष नाही, उलट ती त्या गॅलरीची ओळख आहे. मात्र ते लाकडी बॅकग्राउंड सिनेमातलं आहे असं कोणी सांगून भाव वाढवत असेल तर नाही म्हणा, सिनेमातली बॅकग्राउंड्स जलरंगात रंगवलेली होती आणि ती बाजारात फार म्हणजे फारच क्वचित येतात.

आणि कृपा करून जुनी फ्रेम ‘कळकट दिसते’ म्हणून गल्लीतल्या फ्रेमवाल्याकडे देऊन नवीन करून घेऊ नका. मागच्या पुठ्ठ्यावर गॅलरीचं लेबल असतं, माउंटवर डब्ल्यू.डी.पी. (वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स) असा शिक्का असू शकतो, आणि फ्रेमवाला दादा त्याचं काम म्हणून तो पुठ्ठा कचऱ्यात टाकतो, नवीन प्लायवुड लावतो, आणि चित्राचा अर्धा पुरावा गेला. फ्रेम बदलायचीच असेल तर समोर उभं राहून बदला आणि मागचं सगळं, अगदी कागदाचा तुकडासुद्धा, पाकिटात घालून जपून ठेवा.

फिगरिनचं (छोट्या मूर्तीचं) तोंड बघून घेणं, तळ न बघणं

डोपीचे कान आणि रागीट ग्रंपी बुटक्याच्या भुवया बघून आपण विरघळतो, साहजिक आहे, पण माहिती असते ती तळाशी. सगळ्यात आधी कंपनीचं नाव वाचा. ‘वॉल्ट डिस्ने एंटरप्रायझेस’ असं असेल तर तीसच्या दशकातला माल असण्याची शक्यता. ‘वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स’ हे त्यानंतर बरीच वर्षं चाललं. १९८६ मध्ये कंपनीचं नाव ‘द वॉल्ट डिस्ने कंपनी’ झालं, आणि नुसतं ‘डिस्ने’ लिहिलेलं असेल तर बहुतेक त्याही नंतरचं. म्हणजे तळाशी नुसतं ‘डिस्ने’ आणि वर लिस्टिंगमध्ये ‘१९३८ रेअर’ असं असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही.

तरी नुसत्या मार्कवर सगळं ठरत नाही. इंग्लंडच्या वेड कंपनीचंच घ्या. त्यांनी १९३८ मध्ये हिमगौरी आणि बुटक्यांचा सेट काढला आणि मग ऐंशीच्या दशकात परत काढला. दोन्ही वेडचेच, दोन्ही खरे, पण वय आणि किंमत वेगळी. आधीच्या सेटवर सेल्युलोज रंग होता आणि तो रंग टिकत नाही, पापुद्रे निघतात. म्हणून १९३८ चा म्हणून कोणी दाखवलेला बुटका एकदम कोरा करकरीत, कुठेही टवका नाही असा असेल तर खूश होण्याआधी विचारा, परत रंगवलाय का? बरेच जण इथेच फसतात कारण आपल्याला वाटतं जितकं चकचकीत तितकं चांगलं.

१९९२ मध्ये सुरू झालेलं वॉल्ट डिस्ने क्लासिक्स कलेक्शन हे पोर्सेलिनचं, काम अतिशय सुंदर, आणि भारतात राहून जमवायला माझ्या मते हाच सगळ्यात बरा रस्ता. त्यात दर वर्षाची एक खूण तळाशी कोरलेली असते, पहिल्या वर्षीचं चाक, मग १९९३ चं संगीतातलं क्लेफ चिन्ह, मग फूल, असं. ती खूण, सर्टिफिकेट आणि मूळ बॉक्स, तिन्ही एकमेकांशी जुळतंय का बघा, कारण लोक एका पीसचा बॉक्स दुसऱ्याला लावून विकतात. यात तुटतात ती बोटं, पक्ष्यांच्या चोची, टोपीची टोकं. जोडलेलं असेल तर साध्या डोळ्याला दिसत नाही पण अंधारात यूव्ही टॉर्च मारला की गोंद आणि वरून लावलेला रंग बाकीच्यापेक्षा वेगळा चमकतो. टॉर्च स्वस्तात मिळतो, घेऊन ठेवा.

जिम शोअर या अमेरिकन कलाकाराचे लाकडावर कोरल्यासारखे दिसणारे बुटके लाकडाचे नसतात, रेझिनचे असतात, डिस्ने ट्रॅडिशन्स या नावाने एनेस्को कंपनी काढते. कोणी ‘हँडकार्व्हड वुड’ म्हणालं तर दुर्लक्ष करा. आणि ‘अँटिक’ शब्दाचं म्हणाल तर आपल्या १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू धरायला साधारण शंभर वर्षं लागतात, अमेरिकन कस्टम्सही शंभरच धरतं, म्हणजे या सिनेमाची कुठलीच वस्तू अजून तिथवर पोचलेली नाही.

घरी आणल्यावर होणाऱ्या चुका

मुंबई, कोकण, गोवा इथे राहणाऱ्यांनी हा भाग नीट वाचा कारण आपला पावसाळा या वस्तूंचा वैरी आहे.

त्या काळातली सेल्स सेल्युलोज नायट्रेटची आहेत, नंतरची ॲसिटेटची. नायट्रेट कालांतराने आकसतं, पिवळं पडतं, लाटा येतात, आणि ते पेट घेणारं असतं. लाटा आलेलं सेल सरळ करायला जड पुस्तकाखाली दाबणं, हेअर ड्रायर मारणं, कापड ठेवून इस्त्री फिरवणं, हे सगळं करून बघणारे लोक आहेत, आणि त्यात रंग तडकतो किंवा प्लास्टिकच जातं. लाटा असू द्या, त्या वयाच्या खुणा आहेत. ॲसिटेटच्या सेलला व्हिनेगरसारखा आंबट वास यायला लागला तर ते प्लास्टिक खराब होतंय असं समजा, ते बाकीच्या सेल्सपासून वेगळं करा, हवा खेळेल असं ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका.

फ्रेमची काच सेलला टेकलेली नको, मध्ये माउंटची किंवा स्पेसरची जागा हवी, नाहीतर दमट हवेत रंग काचेला चिकटतो आणि मग काच काढताना हिमगौरीचा अर्धा चेहरा काचेवरच राहतो. बाहेरच्या भिंतीवर, जिला पावसात ओल येते, तिथे लावू नका. उन्हात नको, देवघराच्या समईजवळ तर नकोच नको. रंगाच्या बाजूला हात, कापड, पाणी काहीही लावायचं नाही. रंग सुटायला लागला असेल तर फक्त कागदी वस्तूंच्या आणि प्लास्टिकच्या संवर्धनाचं काम करणाऱ्या माणसालाच दाखवा, गेटी कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूट डिस्नीच्या संग्रहासोबत वर्षानुवर्षं याच प्रश्नावर संशोधन केलंय, यावरून समजा की हे घरी यूट्यूब बघून करायचं काम नाही.

कपाटात डांबराच्या गोळ्या टाकायची सवय असेल तर हे कपाट सोडून टाका, त्याची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते. सिलिका जेलची पाकिटं ठेवा आणि ती अधूनमधून बदला किंवा सुकवा.

१९३८ चे अमेरिकेच्या ॲक्रनमधल्या सायबरलिंग कंपनीचे रबरी बुटके कोणाकडे असतील तर ते दाबून बघू नका, जुनं रबर कडक झालेलं असतं आणि तडे जातात. हिमगौरी तर आतून पोकळ असल्यामुळे बहुतेक ठिकाणी आत दबून गेलेली दिसते, म्हणूनच ती धड मिळणं अवघड. तेल, पॉलिश, व्हॅसलिन काहीही लावायचं नाही.

पोर्सेलिन पुसायला मेकअपचा मऊ ब्रश पुरतो. काच पुसायचा स्प्रे मारू नका, सोनेरी रेघा जातात. पडून तुटलं तर फेविक्विक घेऊन धावू नका, खाली बसून सगळे तुकडे, अगदी तांदळाच्या कणीएवढे सुद्धा, गोळा करून झिपच्या पिशवीत भरा, कारण घाईत जोडलेलं नंतर चांगल्या कारागिरालाही नीट उघडता येत नाही. आणि वर्षानुवर्षं बबल रॅपमध्ये किंवा बॉक्समधल्या जुन्या फोममध्ये गुंडाळून ठेवू नका, बबलचे गोल डाग उठतात आणि फोम भुगा होऊन रंगाला चिकटतो. मध्ये ॲसिड नसलेला टिश्यू कागद घाला.

मागवताना

अमेरिकेतल्या ताईकडे किंवा मित्राकडे पार्सल पाठवून मग कोणाच्या तरी सोबत मागवायचं हे आपल्याकडे सर्रास चालतं. चालेल, फक्त पीस चेक-इन बॅगेत टाकू देऊ नका, हातातल्या बॅगेत आणायला सांगा, आणि बिल सोबत हवंच, कस्टम्सला विचारलं तरी आणि उद्या विकायचं झालं तरी.

पैसे पाठवायच्या आधी विकणाऱ्याला एवढे फोटो मागा: तळ, पाठ, जवळून चेहरा, हाताची बोटं, सेल असेल तर फ्रेमच्या मागची पूर्ण बाजू आणि एक फोटो तिरक्या उजेडात. खरा जमवणारा लगेच पाठवतो, वर दोन जास्तीचे पाठवतो. ‘सर फोटो तर लिस्टिंगमध्ये आहेत ना’ असं उत्तर आलं तर तो बुटका सोडून द्या, दुसरा मिळेल.