पेट्रोल की प्लग-इन हायब्रिड? यूकेत फॅमिली एसयूव्ही घेताना या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी आम्ही सेकंडहँड प्लग-इन हायब्रिड घेतली, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि प्लगला लावून भरायची बॅटरी, दोन्ही असलेली गाडी. लीज संपलेली कंपनीची गाडी, रंगावर एक ओरखडा नाही. घरी आणून बूटची, म्हणजे डिकीची, फळी उचलली तर खाली चार्जिंग केबलची पिशवी, आणि केबलच्या वेटोळ्याभोवतीची प्लॅस्टिकची पट्टी अजून तशीच. म्हणजे आधीच्या माणसाने गाडी एकदाही प्लगला लावली नव्हती. कंपनी-कारवरचा कर कमी बसतो म्हणून घेतली आणि आयुष्यभर पेट्रोलवर पळवली. मी त्याला हसलो खरा, पण पुढचे आठ महिने आम्हीही जवळजवळ तेच केलं. आम्ही तेव्हा रेडिंगमध्ये टेरेस घरात, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगेत, राहायचो. गाडी रस्त्यावर, जागा मिळेल तिथे, कधी घरापासून सहा दारं लांब. तिथे केबल कुठून ओढणार?

गाडीआधी सॉकेट बघा

सगळ्यात महागडी चूक ही. लोक शोरूममध्ये सनरूफ आणि स्क्रीन बघतात, पण रात्री गाडी जिथे उभी राहणार तिथे वीज पोचते का, हे बघत नाहीत. प्लग-इन हायब्रिडचा सगळा फायदा त्या एका गोष्टीवर टांगलेला आहे.

हिशोब मांडून बघू. भिंतीतून घेतलेल्या एका युनिटवर अशी एसयूव्ही साधारण २.८ मैल जाते असं धरा. रात्रीच्या स्वस्त दराने, युनिटला ८ पेन्स, मैलाला ३ पेन्सही पडत नाहीत. साध्या घरगुती दराने, २६ पेन्सच्या आसपास, मैलाला सव्वानऊ पेन्स. आणि रस्त्यावरच्या सार्वजनिक चार्जरवर ५४ पेन्स दर असेल तर मैलाला १९ पेन्स. आता पेट्रोल एसयूव्ही: गॅलनला (ब्रिटिश, साधारण साडेचार लिटर) ३८ मैल आणि लिटरला १३५ पेन्स धरले तर मैलाला १६ पेन्स. पुन्हा वाचा. सार्वजनिक चार्जरवर भरलेली प्लग-इन गाडी पेट्रोलपेक्षा महाग पडते! घरच्या विजेवर व्हॅट ५ टक्के आणि सार्वजनिक चार्जिंगवर २० टक्के, हेही त्यामागचं एक कारण. लॅम्पपोस्टच्या चार्जरला गाडी लावून मी कित्येक संध्याकाळी स्वतःवर खूष होऊन घरी आलोय. बायकोने एकदा महिन्याची बिलं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा ती खुषी उतरली.

ड्राइव्हवे, म्हणजे घरापुढे गाडी लावायची स्वतःची जागा, असेल तर मात्र गणित पालटतं. समजा वर्षाला ८,००० मैल होतात आणि त्यातले ४,८०० रात्रीच्या विजेवर. मग वर्षाला साधारण ६२० पौंड वाचतात. दोन गाड्यांच्या किमतीत ५,००० पौंडांचा फरक असेल तर तो भरून यायला आठ वर्षं. साध्या दराने चार्ज केलं तर पंधरा. तीन वर्षांच्या फायनान्सवर गाडी घेऊन ‘पेट्रोलचे पैसे वाचतात हो’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा कागदावर मांडावं. सेकंडहँडमध्ये हा फरक बराच कमी होतो, म्हणून मला विचाराल तर प्लग-इन हायब्रिड घ्यायचीच असेल तर जुनी बघा.

ड्राइव्हवे नाही, रोजचा प्रवास थोडा, पेट्रोल बिलाने मात्र हैराण, असं असेल तर प्लग न लागणारी साधी हायब्रिड बघा. शोरूममध्ये तिचं नाव कोणी आपणहून काढत नाही.

ब्रोशरवरचं मायलेज

गॅलनला २०० मैल, कधी ३०० मैल असे आकडे प्लग-इनच्या ब्रोशरवर असतात. आकडा खोटा नसतो, पण तो काढताना गाडी नियमित चार्ज होते आणि बराचसा प्रवास विजेवर होतो असं गृहीत धरलेलं असतं. युरोपियन कमिशनने मार्च २०२४ मध्ये गाड्यांच्या आतल्याच मोजणीवरून काढलेले आकडे जाहीर केले. पेट्रोल-डिझेल गाड्यांचं प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघालं, तर प्लग-इन हायब्रिडचं सरासरी साडेतीनपट. माझ्या केबलवरची ती प्लॅस्टिकची पट्टी त्या सरासरीतलीच.

टेस्ट ड्राइव्हला गाडी पूर्ण चार्ज केलेली मिळते, शांत आणि चपळ. तुम्ही बॅटरी संपलेली मागा. सेल्समन जरा बुचकळ्यात पडेल, पडू दे. चढावर, मोटरवेच्या स्लिप रोडवर, घरची सगळी माणसं बसवून गाडी कशी ओढते आणि इंजिन किती ओरडतं ते तेव्हा कळतं. बॅटरी रिकामी झाली तरी तिचं वजन गाडीतच असतं.

जानेवारीत आई-बाबा

विजेवरची रेंज हिवाळ्यात घटते हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. पण बऱ्याच प्लग-इन गाड्यांत केबिन गरम करायला इंजिनच सुरू होतं, हे मला गाडी घेईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. आई-बाबा पुण्याहून जानेवारीत आले. बाबांनी बसल्या बसल्या हीटर २५ वर नेला आणि बॅटरी पूर्ण भरलेली असूनही इंजिन घरघरायला लागलं. ‘अरे, तुझी ती विजेवरची गाडी हीच का?’ असं त्यांनी विचारलं. बघायला गेलं तर प्रश्न बरोबरच होता.

गाडीत विजेवरचा हीटर किंवा हीट पंप आहे का, हे मॉडेलनुसार बदलतं. घ्यायच्या आधी नेमकं विचारा. असेल तर प्लगला लावलेली असतानाच ॲपवरून केबिन गरम करून घ्या. नसेल तर सीट हीटरवर भागवा. त्याला वीज फार लागत नाही.

बॅटरी जागा खाते

बॅटरी कुठेतरी बसवायची असते, आणि बहुतेक वेळा ती बूटच्या जिवावर बसते. फोक्सवॅगन टिग्वानच्या सध्याच्या मॉडेलमध्ये पेट्रोलला ६५२ लिटरचा बूट आहे, प्लग-इनला ४९० चा. हीथ्रोवर आई-बाबांना घ्यायला जाणाऱ्याला १६० लिटर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. २३ किलोच्या चार बॅगा, वर लोणच्याच्या बरण्या गुंडाळलेली ती एक पिशवी. घरची सर्वात मोठी बॅग शोरूममध्ये घेऊन जा आणि ठेवून बघा. लाज वाटते थोडी. केबलची पिशवीही त्याच बूटमध्ये राहणार आहे, हेही धरा. आणि सात सीट हव्या असतील तर प्लग-इनमध्ये तिसरी रांग मिळते का ते आधी विचारा, काही मॉडेल्समध्ये ती बॅटरीपायी जाते.

कराबद्दलचे जुने समज

‘हायब्रिडला रोड टॅक्स कमी असतो’ हे अजून ऐकू येतं. हायब्रिडला मिळणारी १० पौंडांची सवलत एप्रिल २०२५ मध्ये गेली. तेव्हापासून दुसऱ्या वर्षापासूनचा दर पेट्रोलला आणि प्लग-इनला एकच. २०२५-२६ साठी तो १९५ पौंड होता. पहिल्या वर्षी प्लग-इनला फायदा होतो, तेवढाच. खरी मेख आहे ४०,००० पौंडांची. गाडीची छापील किंमत त्याच्या वर गेली की पाच वर्षं जादा कर, २०२५-२६ च्या दराने वर्षाला ४२५ पौंड. डीलरने घासाघीस करून किंमत खाली आणली तरी छापील किंमतच धरतात. पेट्रोल मॉडेल रेषेच्या आत आणि त्याचंच प्लग-इन रेषेबाहेर, असं अगदी सहज होतं. सेकंडहँड घेतानाही हा कर तुमच्या गळ्यात येऊ शकतो, म्हणून गाडी नवी असतानाची किंमत तपासा.

नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये आणखी एक गोष्ट जाहीर झाली: एप्रिल २०२८ पासून प्लग-इन हायब्रिडला मैलाला दीड पेनी कर. वर्षाला ८,००० मैल म्हणजे १२० पौंड. वरच्या ६२० मधून ते वजा करा. लंडनच्या कंजेशन चार्जमध्येही, म्हणजे मध्य लंडनमध्ये गाडी नेण्याच्या शुल्कातही, प्लग-इनला ऑक्टोबर २०२१ पासून सवलत नाही.

कंपनी-कार घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे विजेवरची रेंज जितकी जास्त तितका कर कमी, त्यामुळे सध्या प्लग-इन फायद्याची ठरते. पण २०२८-२९ पासून रेंज कितीही असो, दर सरसकट १८ टक्के होणार आहे. चार वर्षांचं लीज करताना शेवटच्या वर्षांचा आकडा बघा.

नवीन वायरिंगची घाई

आम्ही पुढे ड्राइव्हवेच्या घरात गेलो आणि मी लगेच ७ किलोवॉटच्या वॉलबॉक्सची, म्हणजे भिंतीवर बसवायच्या चार्जरची, चौकशी सुरू केली. गाडीच्या आतला चार्जर ३.६ किलोवॉटचा. भिंतीवर कितीही मोठा डबा लावा, ती घेणार तेवढीच. साध्या तीन पिनच्या केबलवरून २.३ किलोवॉट येतात, म्हणजे पाच तासांत साडेअकरा युनिट, आणि माझी १३.८ युनिटची बॅटरी क्वचितच पूर्ण रिकामी असते. वॉलबॉक्सचे हजारेक पौंड वाचले. मात्र रात्रीच्या काही स्वस्त योजनांना विशिष्ट चार्जर लागतो, ते आधी विचारा. आणि सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तास-दोन तासांनी प्लग हाताला चटका देत असेल किंवा सॉकेटवर तपकिरी डाग दिसला तर तिथेच थांबा. गुंडाळलेल्या एक्स्टेन्शनवरून तर कधीच नको.

गाडी घरी आल्यावरचे घोळ

सकाळी बॅटरी रिकामीच? बहुतेक वेळा वेळ दोन ठिकाणी लावलेली असते, गाडीतही आणि चार्जरच्या ॲपमध्येही, आणि दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. एक टायमर बंद करा.

मोटरवेवर ‘चार्ज’ बटण दाबून इंजिनने बॅटरी भरू नका. पेट्रोल जाळून वीज करायची आणि ती पुन्हा चाकाला द्यायची, यात दोनदा गळती होते. ‘होल्ड’ वेगळं, त्यात बॅटरी नंतरसाठी राखून ठेवली जाते. रेडिंगहून डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला जाताना मी एम४ मोटरवेवर होल्ड लावतो आणि लंडनच्या खोळंब्यात वीज वापरतो.

आठवडाभर नुसती शाळेची ने-आण केली तर ब्रेकच्या चकत्यांवर गंज धरतो, कारण वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते. रस्ता मोकळा असताना, मागे कोणी नाही ते पाहून, चार-दोन वेळा जरा जोरात ब्रेक लावा. इंजिन कमी चाललं म्हणून सर्व्हिसही पुढे ढकलू नका. थंड इंजिनाची मिनिटभराची धाव तेलाला चांगली नसते.

भारतातून महिन्याभराने परत आलात आणि गाडी उघडतच नाही? मोठी बॅटरी नव्हे, बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरली असणार. चावीच्या फोबमध्ये लपलेली खरी किल्ली कशी काढायची हे जाण्याआधीच बघून ठेवा.

आणि केबल गाडीला चिकटून बसली तर ओढू नका. मी पावसात दहा मिनिटं ओढत होतो. गाडी एकदा लॉक करून पुन्हा अनलॉक केली की बहुतेक वेळा ती ‘टक्’ करून सुटते.