लग्नासाठी पत्र्याची दिव्यांची अक्षरं घरी करताय? या चुका टाळा

इंटरनेटवर दिसणारे बहुतेक नमुने रोमन लिपीतले असतात. तीच पद्धत मराठी नावाला लावायला गेलं की पहिली फसगत होते. रोमन मोठी अक्षरं सुटी असतात, बुडावर उभी राहतात. आपल्याकडे ‘शुभविवाह’मधल्या ‘शु’चा उकार खाली लोंबतो, ‘वि’ची वेलांटी वर जाते, ग आणि ण तर शिरोरेषेशिवाय दोन तुकड्यांतच पडतात. म्हणून आधी एक इंची चौकोनी पाइपची शिरोरेषा करा, तिला दोन पाय जोडा आणि अक्षरं तिला टांगा. अनुस्वाराला मागून पट्टी देऊन रिव्हेट मारा.

पत्रा 26 गेजचा, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला, गॅल्व्हनाइज्ड) घ्या. त्याहून बराच जाड पत्रा हातकातरीने कापणं जड जातं, फार पातळ असला तर बोटानेही पोचे पडतात. दिव्यांसाठी भोकं पाडताना पत्रा हवेत धरू नका. खाली प्लायवूड ठेवा, सेंटर पंचने (टोकदार खिळ्यासारख्या हत्याराने) खूण करा आणि स्टेप ड्रिल, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचं निमुळतं बिट, वापरा. साधं मोठं बिट पातळ पत्र्यात अडकून तो फाडतं. कापलेल्या प्रत्येक कडेवर कानस फिरवा. फोटो काढायला येणारी पोरं अक्षराला हात लावणारच.

रंगाचे पोपडे निघतात, कारण गुळगुळीत गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर थेट ऑइल पेंट मारलेला असतो. पॉलिश पेपर घासा, थिनरने पुसा, जीआयसाठीचा प्रायमर लावा, मगच रंग.

आता वीज. इथे मात्र मी हट्टी आहे: धातूच्या अक्षरात 230 व्होल्टच्या होल्डर-बल्बची माळ नको. एक वायर सोलली गेली की अख्खं अक्षर ‘जिवंत’. 12 व्होल्टचे पिक्सेल एलईडी (भोकात बसणारे सुटे छोटे दिवे) आणि एसएमपीएस, म्हणजे 230 व्होल्टचे 12 व्होल्ट करणारा डबा, घ्या. वायर पत्र्यातून जाते तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडी) बसवा. एसएमपीएसच्या 230 व्होल्टच्या बाजूला अर्थिंग द्या, तीन पिनांचा प्लग लावा. सॉकेटमध्ये उघड्या वायरी खोचून काडीपेटीच्या काड्या ठोकायची मांडवातली जुनी सवय इथे नको.

शेवटची अक्षरं मिणमिणतात? दोष बहुधा दिव्यांचा नसतो. लांब माळेत, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं. प्रत्येक अक्षराला एसएमपीएसपासून स्वतंत्र, जाड वायर न्या. सगळे एकदम मंद असतील किंवा लुकलुकत असतील, तर पुरवठा कमी पडतोय. वॉटची बेरीज करून पाचवा हिस्सा वर धरा: 80 वॉटच्या दिव्यांना 12 व्होल्ट, 10 अँपिअरचा एसएमपीएस पुरतो.

दिव्यांचा रंग वॉर्म व्हाइटच. पांढऱ्याफटक उजेडात हळदीचे चेहरे निळसर येतात.

हळदीच्या आदल्या रात्री चार तास सलग लावून ठेवा. एसएमपीएस हाताला चटका देत असेल, तर त्यावर भार जास्त आहे किंवा त्याला हवा मिळत नाही. पडद्यामागे ठेवा, पण कापडात गुंडाळू नका.