वृद्धाश्रमातली काळजी पारखताना या चुका टाळा

संध्याकाळचे सहा वाजले होते. आत्याच्या पलंगाशी कूस बदलण्याचा तक्ता अडकवलेला होता, पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ठेवतात तो. दर दोन तासांचा एक चौकोन आणि चौकोनात सही. मी सहज वाचत गेले. दुपारी 2, 4, 6, रात्री 8, 10, 12, 2 आणि पहाटे 4. सगळीकडे सह्या, एकाच हाताच्या, एकाच पेनाने. ती पहाट उजाडायला अजून दहा तास होते.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. साताऱ्याला शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नाही. आम्हा भावंडांचे पाढे तिनेच घोटून घेतले. पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, वाढला तसं तिला एकटीने राहणं जमेना. आमच्याकडे दिवसभर घराला कुलूप. म्हणून पुण्याजवळचा एक आश्रम निवडला, तोही चार ठिकाणं पाहून, चौकशी करून. तरी चुकलो. आमच्यासारखीच शोधाशोध आज किती तरी घरांत चालू असेल, आणि आम्ही जे बघून भुललो तेच बघून बरेच जण ठरवतात, म्हणून हे लिहिते आहे.

रविवारी सकाळी, फोन करून जाणं

आम्ही रविवारी अकराला गेलो. आदल्या दिवशी फोन केला होता. बाग, गणपतीचं छोटं देऊळ, लिफ्ट, ऑफिसात चहा, आणि व्यवस्थापकांनी स्वतः हिंडून दाखवलेल्या खोल्या. अकरा वाजता सगळ्यांच्या आंघोळी उरकलेल्या असतात, चादरी बदललेल्या असतात, दिवसपाळीची माणसं हजर असतात. कुठल्याही आश्रमाची ती सगळ्यात चांगली वेळ.

पहिली भेट तशी घ्या हवी तर. दुसरी मात्र न सांगता घ्या, संध्याकाळी सात-साडेसातला. सातनंतर अजिबात आत सोडत नसतील तर का सोडत नाहीत ते विचारा, आणि मग निदान जेवणाच्या वेळेला जा. बघायचं ते असं: ज्यांचा हात थरथरतो त्यांना भरवायला कोणी बसतं का, की ताट समोर ठेवून पुढे जातात? अर्ध्या तासाने ताट उचलताना त्यात किती शिल्लक आहे? पाण्याचा ग्लास पलंगावरून हात पोचेल असा आहे का? तहान कमी झालेल्या म्हाताऱ्या माणसाला मुद्दाम पाणी द्यावं लागतं, ते मागत नाहीत.

रात्रीचं जेवण किती वाजता, हेही विचारा. दिवसपाळी सुटायच्या आत उरकावं म्हणून काही ठिकाणी साडेसहालाच पानं वाढतात. नाश्ता आठला. म्हणजे साडेतेरा तास पोटात काही नाही, आणि त्यातले काही जण इन्सुलिनवर. मध्ये दूध, बिस्किटं काही मिळतं का? आम्ही हे विचारलंच नव्हतं.

"स्टाफ किती आहे?" एवढंच विचारणं

"वीस" असं उत्तर आलं आणि आमचं समाधान झालं. त्या विसांत स्वयंपाकी, वॉचमन, माळी, ड्रायव्हर आणि ऑफिसातली मुलगी धरलेली होती. प्रश्न असा हवा होता: रात्री दोन वाजता या मजल्यावर जागं कोण असतं, आणि किती पेशंटमागे? झोपलेली मावशी धरायची नाही. नर्स असेल तर ती शिकलेली आहे का, म्हणजे जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा कोर्स केलेली, की पांढरा कोट घातलेली मावशीच आहे?

आणखी एक गोष्ट मावश्यांनाच विचारावी, व्यवस्थापकांसमोर नको: "तुम्ही इथे किती दिवस आहात?" पाच जणींनी "दोन महिने", "नुकतीच लागले" असं सांगितलं तर समजावं की माणसं टिकत नाहीत. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून दर पंधरवड्याला नवी मावशी येत असेल तर कोणत्या आजींना गिळायला त्रास होतो आणि कोणत्या आजोबांना उजव्या कानाने ऐकू येत नाही, हे तिला कळायच्या आत ती गेलेली असते. पलंगावरच्या बाई मराठी शाळेतल्या शिक्षिका होत्या, एवढं सांगू शकणारी मावशी सापडली तर ती जागा बरी. मी आता आधी हेच बघते.

नोंदणीचा कागद बघून निर्धास्त होणं

कागद बघावेतच. पण त्यांतून काय कळतं तेही कळायला हवं. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी ट्रस्टची असते; खोलीत रात्री कोणी जागं असतं का, हे त्यावरून कळत नाही. महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 2024 मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना लिफ्ट, रॅम्प, रुंद दारं, न घसरणाऱ्या फरश्या असे निकष घालून दिले. ते चांगलंच झालं, पण ते विकत घ्यायच्या घरांचे आणि इमारतीचे निकष आहेत. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात दर जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान 150 जणांच्या निवासाची तरतूद आहे. महाराष्ट्रात मातोश्री वृद्धाश्रमांची योजना त्याच्याही आधीची, 1995 ची. यांतलं काहीही तुमच्या माणसाची कूस बदलायला येत नाही.

करारपत्रात एक वाक्य शोधा: माणूस अंथरुणाला खिळला तर काय? "चालतेफिरते असेपर्यंतच" अशी अट बऱ्याच ठिकाणी असते आणि ती शेवटच्या पानावर असते. डिपॉझिट कधी आणि किती परत, हॉस्पिटलात हलवलं तर सोबत कोण राहणार, डायपर आणि फिजिओथेरपी पैशांत धरलेली आहे की वेगळी, हेही तिथेच लिहून घ्या.

शांतता बघून बरं वाटणं

"किती शांत आहे ना इथे," असं आम्ही एकमेकांना म्हणालो होतो. दुपारी चारला दहा माणसं असलेल्या हॉलमध्ये कोणी बोलत नाही, टीव्ही चालू आहे आणि सगळ्यांच्या माना खाली, हे दृश्य बरं म्हणायचं नाही. झोपेच्या किंवा "शांत राहण्याच्या" गोळ्या दिल्या जातात का, कोणाच्या सांगण्यावरून, किती दिवस, हे थेट विचारा. डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) वृद्धांमध्ये अशा काही मनोविकारांवरच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2005 मध्येच त्या औषधांवर छापायला लावला. कधी गरज पडते, नाही असं नाही. पण डॉक्टरांनी लिहून दिलेलं आणि घरच्यांना सांगितलेलं असावं. पलंगाला किंवा खुर्चीला ओढणीने, चादरीने बांधलेलं दिसलं तर "पडू नयेत म्हणून" हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

औषधं देतात, एवढ्यावर भागवणं

आमची सगळ्यात मोठी चूक ही. पार्किन्सन्सची लेव्होडोपाची गोळी घड्याळावर चालते. आत्याच्या वेळा सकाळी 7, 11, दुपारी 3 आणि संध्याकाळी 7 अशा होत्या. जेवणाआधी निदान अर्धा तास, कारण डाळ, दूध, अंडं यांतली प्रथिनं ती गोळी नीट शोषू देत नाहीत. घरी तिने वीस वर्षं तास घेतल्यासारख्या त्या वेळा पाळल्या. आश्रमात गोळ्यांचा डबा आला तो सकाळ-दुपार-रात्र असा, तीन कप्प्यांचा. चार डोसांचे तीन झाले आणि तेही जेवणाबरोबर.

पंधरा दिवसांत ती ताठरली. पलंगावरून पाय खाली सोडता येईनात. घास तोंडात तसाच राहायचा. आम्हाला सांगण्यात आलं, "आजी हट्ट करतात, जेवायला मागत नाहीत." आणि आम्ही तिलाच समजावत बसलो, "आत्या, थोडं खाऊन घे ना." तिच्या ओठांची हालचाल इतकी मंदावली होती की काय म्हणते ते कळायला कान जवळ न्यावा लागे. एकदा ती म्हणाली, "अकराची." मला वाटलं, किती वाजले विचारते आहे.

तेव्हा औषधांच्या नावांच्या यादीबरोबर वेळा, उपाशी की खाऊन, आणि डोस चुकला तर काय दिसतं, हे मोठ्या अक्षरात लिहून द्या. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, इन्सुलिन जेवणाच्या हिशेबाने. मग एखाद्या दिवशी त्या वेळेला स्वतः तिथे थांबा. गोळी हातात देऊन मावशी निघून जाते की गिळेपर्यंत थांबते, ते बघा.

चादर न उचलणं

भेटायला गेल्यावर आपण चेहरा बघतो, हात हातात घेतो, सफरचंद कापून देतो. पाठ कोणी बघत नाही. संकोच वाटतो. तो बाजूला ठेवा, पडदा ओढा आणि माकडहाड, कमरेची दोन्ही बाजूची हाडं, टाचा, घोटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर फिका होऊन परत लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही तसाच राहिला तर बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झालेली आहे. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे जांभळट किंवा काळपट डाग, आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागणारी जागा, हीच खूण.

"एअर बेड लावलाय" हे त्यावर उत्तर होत नाही. एअर बेड असला तरी कूस बदलावी लागते. ओला डायपर तासन्‌तास राहिला तर कातडी आणखी लवकर सोलवटते. डायपर दिवसातून किती वेळा बदलतात ते विचारा आणि महिन्याला किती पाकिटं लागली ते बिलावर मोजा. दोन आकडे जुळले पाहिजेत.

वजनाचंही तसंच. दर महिन्याला करून लिहून ठेवतात का? महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के वजन आपोआप उतरलं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. आत्या दाखल झाली तेव्हा 48 किलो होती. मी घरचा काटा पिशवीत घालून नेला, दोघींनी धरून तिला उभं केलं. 44 भरली. त्याच संध्याकाळी मी तो तक्ता वाचला आणि तिला कुशीवर वळवलं. माकडहाडावर रुपयाएवढी जागा उघडी होती.

"वय झालंय" हे कारण मान्य करणं

कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज असंबद्ध बोलू लागला, रात्रभर ओरडू लागला किंवा नुसता झोपून राहिला, तर ते वयामुळे एका रात्रीत होत नाही. लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं, पोट साफ न होणं, न सांगता येणारं दुखणं, नवीन सुरू केलेली गोळी, यांतलं काही तरी असतं. त्याच दिवशी डॉक्टर हवा. वारंवार पडत असतील तर चष्मा कोणाचा घातलाय, सपाता सैल आहेत का, रात्री बाथरूमचा दिवा चालू असतो का, उठल्यावर रक्तदाब उतरतो का, हे एकेक करून बघा. ऐकू येत नसेल तर आधी श्रवणयंत्राची बॅटरी.

आणि मावशी शेजारी उभी असताना "बरं आहे ना सगळं?" असं विचारू नका. "हो" हेच उत्तर येतं. बागेत नेऊन, सावकाश, एका ठरावीक वेळेबद्दल विचारा: "काल रात्री बाथरूमला कोण घेऊन गेलं? हाक मारल्यावर किती वेळाने आलं?"

गप्प राहणं, किंवा मावशीवर ओरडणं

आपण बोललो तर आपल्या माणसावर राग काढतील, ही भीती मलाही होती. त्या भीतीने आम्ही महिना घालवला. मग मी मावशीवर ओरडले, तेही चूक. चोवीस माणसांमागे ती एकटी होती. तिला तक्ता आधीच भरून ठेवायला कोणी तरी शिकवलं होतं. तिच्या हातात शंभर-दोनशे ठेवणं हाही उपाय होत नाही. त्याने शेजारच्या पलंगाची पाळी मागे जाते.

बोलायचं ते व्यवस्थापकांशी, लेखी. व्हॉट्सॲपवर चालतं, तारीख राहते. "काळजी नीट घेत नाहीत" असं मोघम लिहू नका. "12 तारखेला सकाळी अकराची गोळी साडेबाराला दिली. उद्यापासून अकराला मिळावी, देणाऱ्याने वेळ लिहावी," असं लिहा. जखमेचा फोटो तारखेसह ठेवा. आठवडा द्या. उघडी जखम, मारहाण किंवा बांधून ठेवणं असेल तर आठवडाही देऊ नका. ज्येष्ठांसाठीची 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, जिल्ह्याचं समाजकल्याण कार्यालय आहे, आणि जीव धोक्यात असेल तर 112.

हलवायचं ठरलं तर घाईत नुसती बॅग भरू नका. चालू औषधांची वेळांसकट यादी, शेवटचे रक्ताचे रिपोर्ट, जखमेची नोंद, आणि ती कशी खाते, कशी झोपते हे लिहिलेलं एक पान बरोबर हवं. आम्ही आत्याला दुसरीकडे नेलं. ती जागा जुनी आहे, लिफ्ट मालवाहू, बाग नाही. तिथल्या सिस्टरांनी फॉर्म भरायच्या आधी विचारलं, "गोळीच्या नेमक्या वेळा काय?" आणि आमच्यासमोर मोबाइलमध्ये चार गजर लावले. माकडहाडावरची जखम भरायला अडीच महिने लागले. आता अकराचा गजर व्हायच्या आत आत्याच हात पुढे करते.